साष्टी बेटाचा निकाल आणि बऱ्हाणपूरचा मुक्काम

तापीच्या उत्तर तीरावर वसलेले बऱ्हाणपूर समुद्रापासून दोनशेहून अधिक मैल आत आहे. फारुकी सुलतानांची ही राजधानी. पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे येथेच होते आणि शहाजहानची बेगम मुमताजमहल हिचा अंत इ. स. १६३१ मध्ये येथेच झाला. उत्तरेस असीरगडाचा डोंगर, दक्षिणेस तापीचा प्रवाह आणि या दोहोंमधून हिंदुस्थान व दक्षिण यांना जोडणारा राजमार्ग, अशी या नगराची रचना आहे. अशा ठिकाणी एखाद्या बेटाचे भवितव्य ठरले, असे कोणी म्हटल्यास वाचकांस नवल वाटणे साहजिक आहे. तथापि ठाणे, वसई आणि मुंबई यांच्यामध्ये पसरलेल्या साष्टी बेटाचा इतिहास नीट पाहिला, तर त्याच्या निकालाच्या वाटेवर बऱ्हाणपूरचा एक आठवड्याचा मुक्काम लागतो. त्या मुक्कामाची हकीकत सांगणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी थोडा खुलासा केला पाहिजे. आमच्या कोंकणी वाचकांच्या मनात साष्टी म्हटले की गोमंतकातील साष्टी उभी राहते. कुशस्थळीचा श्रीमंगेश आणि केळशीची श्रीशांतादुर्गा यांना सोळाव्या शतकात जेथून नदीपार अंत्रुज महालात हलवावे लागले, तीच ती साष्टी. दोन्ही ठिकाणी सहासष्ट गावांवरून हे नाव पडले असे मानतात, आणि दोन्ही ठिकाणी राज्य एकाच फिरंगी सत्तेचे झाले. परंतु येथे ज्या साष्टीविषयी लिहावयाचे आहे ती उत्तर कोकणातील होय. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि दक्षिणेस माहीमची खाडी अशा चार जलसीमांच्या आत हे सुमारे २४० चौरस मैलांचे बेट आहे. भात, मीठ, मासळी आणि ताडामाडांच्या बागा ही त्याची संपत्ती. खाडीमुखांवर त्याचा ताबा असल्याने ज्याच्या हाती साष्टी, त्याच्या हाती मुंबईचे दाणापाणी, ही गोष्ट त्या काळच्या प्रत्येक राज्यकर्त्यास ठाऊक होती.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने हुमायूनच्या भीतीने पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई व तिच्या अंकित प्रदेशाबरोबर साष्टी त्यांच्या स्वाधीन केली. या तहात बेटावरील रयतेस कोणी विचारले नाही, आणि पुढेही अडीचशे वर्षांत तो प्रसंग कधी आला नाही. इ. स. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या विवाहाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजास मिळाली, तेव्हा पहिला वाद उपस्थित झाला. मुंबई म्हणजे नेमके काय? साष्टी व ठाणे ही मुंबईचीच उपांगे आहेत, असे इंग्रजांचे म्हणणे. मुंबई म्हणजे केवळ मुंबईचे बेट, असे पोर्तुगीजांचे उत्तर. ताबा मिळेना म्हणून इंग्रज शिपाई कारवारनजीकच्या अंजदीव बेटावर दिवस कंठीत राहिले, आणि त्यांचा प्रमुख सर अब्राहम शिपमन तेथेच इ. स. १६६४ मध्ये मरण पावला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये इंग्रजांच्या पदरी फक्त मुंबई पडली. साष्टीची इच्छा मात्र त्यांनी त्या दिवसापासून कधीही सोडली नाही.

दोन सत्तांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसास निष्ठेची परीक्षा वारंवार द्यावी लागते. मुंबईतील रामा कामत यांचे उदाहरण आमच्या समाजास परिचित आहे. ते इंग्रजांचे विश्वासू व्यापारी व साहाय्यक होते. वाळकेश्वराचे देवालय त्यांनी इ. स. १७१५ मध्ये पुन्हा उभारले. परंतु इ. स. १७२० मध्ये कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप त्यांच्यावर आला. बनावट पत्राच्या आधारे त्यांस दोषी ठरविण्यात आले, मालमत्ता जप्त झाली आणि इ. स. १७२८ मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. ज्या मुलखाचा धनी उद्या कोण असेल हे सांगता येत नाही, तेथे एका खोट्या मोहरेने मनुष्याचे सर्वस्व जाते, हे यावरून दिसते.

पेशव्यांच्या काळात या वादास तिसरा पक्ष मिळाला. पोर्तुगीजांच्या धर्मविषयक जुलमाने त्रासलेल्या उत्तर कोकणातील पुढाऱ्यांनी पुण्याशी संधान बांधले. अंजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ ही त्यांतील प्रमुख नावे होत. मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांनी रात्रीच्या वेळी बेटावर उतरून ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला घेतला, आणि साष्टी हाती आली. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. श्रीवज्रेश्वरीस अप्पांनी केलेला नवस आणि तो फेडण्यासाठी बांधलेले देवालय यांची परंपरा भाविकांत आजही सांगितली जाते. ठाण्यातील श्रीकौपीनेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार इ. स. १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केला. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या लेण्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी आपले प्रार्थनामंदिर केले होते. मराठ्यांच्या अमलात ते गेले, आणि इंग्रजी अमलात पुन्हा ख्रिस्ती उपासनेकडे आले. बेटाचे धनी किती वेळा बदलले हे त्या एका लेण्याच्या भिंतींवरून वाचता येते.

इंग्रजांनी या युद्धात पोर्तुगीजांस थोडी मदत केली. पण वसई पडताच कॅप्टन इंचबर्ड यास पाठवून त्यांनी जुलै १७३९ मध्ये मराठ्यांशी व्यापाराचा तह केला. साष्टी मिळवावयाची, पण अनुकूल वेळ येईपर्यंत थांबावयाचे, हे त्यांचे धोरण होते. ती वेळ येण्यास पस्तीस वर्षे लागली, आणि ती आमच्याच घरातील कलहाने आली.

थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये निवर्तले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावांनी घेतली, परंतु कारभाऱ्यांनी गरोदर गंगाबाईस पुरंदरावर नेऊन तिच्या नावे राज्य चालविण्याचा निश्चय केला. मार्च १७७४ मध्ये पंढरपुराजवळ कासेगाव येथे त्रिंबकराव पेठ्यांचा पराभव करूनही रघुनाथरावांस पुण्यावर जाण्याचा धीर झाला नाही. ते उत्तरेकडे वळले आणि बऱ्हाणपुरावरून माळव्यात उतरले. एप्रिलमध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला व त्यांचा उरलासुरला हक्कही संपला. शिंदे-होळकरांकडून आधार मिळेना, तेव्हा ते गुजरातेत जाऊन इंग्रजांशी बोलणी करू लागले. बोलण्यात इंग्रजांची मागणी एकच, साष्टी आणि वसई. रघुनाथराव या दोन नावांवर अडून बसले होते, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

इतक्यात पोर्तुगीज आरमार वसई-साष्टी परत घेण्यासाठी युरोपातून आल्याची बातमी मुंबईत पसरली. आपण घेतली नाही तर दुसरा घेईल, या सबबीवर मुंबईकरांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्यावर फौज पाठविली. पोर्तुगीजांनी याचा निषेध नोंदविला, पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पहिला हल्ला मराठ्यांनी परतविला, इंग्रजांचा आरमारी अधिकारी वॉटसन याला प्राणांतिक जखम झाली. पण ३१ डिसेंबर रोजी किल्ला पडला. पेशव्यांशी तह अस्तित्वात असता, युद्ध पुकारल्यावाचून केलेले हे कृत्य होते. यानंतर मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, त्यात रघुनाथरावांनी हातचे गेलेले बेट कागदावरही देऊन टाकले.

येथून पुढे सात वर्षे साष्टी अधांतरी राहिली. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलास मुंबईकरांचे वर्तन पसंत नव्हते. त्यांनी कर्नल अप्टन यास पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. सुरतेचा तह रद्द झाला, परंतु साष्टी ठेवावी किंवा तिच्या बदली तीन लक्षांचा मुलूख घ्यावा, हा निर्णय गव्हर्नर जनरलच्या मर्जीवर राहिला. म्हणजे अन्याय मान्य करावयाचा, पण अन्यायाचे फळ ठेवावयाचे! तरीही नाना फडणीस हताश झाले नाहीत. इंग्रजांचा एक तट दुसऱ्याचे ऐकत नाही, विलायतेतील संचालकांचे हुकूम यावयास महिने लागतात, अमेरिकेत त्यांच्या वसाहतींनी बंड केले आहे, फ्रेंचांचा वकील सँ लुबँ पुण्यास येऊन राहिला आहे, हे सर्व ते ओळखून होते. साष्टी परत मिळण्याची आशा खरोखरीच शिल्लक होती.

फ्रेंचांच्या या धास्तीनेच वॉरन हेस्टिंग्जने एक धाडसाचा बेत केला. बंगाल्याची फौज समुद्रमार्गाने न पाठविता, मे १७७८ मध्ये यमुनाकाठच्या काल्पीहून खुष्कीने मुंबईस रवाना केली. तिचा सेनापती लेस्ली बुंदेलखंडात रेंगाळला आणि ऑक्टोबरमध्ये तेथेच मरण पावला. त्याच्या जागी आलेला गॉडर्ड वेगळ्या प्रकृतीचा होता. भोपाळच्या नबाबाची मदत घेऊन त्याने डिसेंबरात होशंगाबादेजवळ नर्मदा ओलांडली. नागपूरच्या भोसल्यांशी बोलण्यात काही आठवडे गेले, आणि जानेवारी १७७९ च्या मध्यास तो दक्षिणेकडे निघाला.

ते पोहोचण्यापूर्वीच मुंबईकरांनी घाई केली. रघुनाथरावांस पुढे घालून त्यांची फौज बोरघाट चढून तळेगावपर्यंत आली. महादजी शिंदे व हरिपंत फडके यांनी तिच्याभोवतीचा मुलूख उजाड करून तिला उपाशी पाडले. परत फिरलेल्या फौजेस वडगाव येथे गाठून कोंडले आणि १६ जानेवारी १७७९ च्या सुमारास इंग्रजांनी शरणागतीचा करार लिहून दिला. त्यातील कलमे अशी: थोरल्या माधवरावांच्या वेळेनंतर घेतलेला सर्व मुलूख, साष्टीसुद्धा, परत द्यावा. बंगाल्याहून येणारी फौज माघारी पाठवावी. या करारासाठी दोन इंग्रज अधिकारी ओलीस राहिले.

वाचकहो, क्षणभर हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. चार वर्षांपूर्वी दगलबाजीने गेलेले बेट लढाईत जिंकून कागदावर परत मिळाले होते. आता एवढेच व्हावयाचे होते की, मुंबईकरांनी करार पाळावा, अथवा तो पाळावयास भाग पाडता यावे. भाग पाडण्याच्या मार्गात एकच अडथळा होता, तो म्हणजे गॉडर्डची फौज. म्हणूनच ती माघारी धाडण्याचे कलम नाना-महादजींनी घातले होते. साष्टीचे कलम या दुसऱ्या कलमावर उभे होते.

३० जानेवारी १७७९ रोजी गॉडर्ड बऱ्हाणपुरास पोहोचला. उद्गीरच्या विजयानंतर इ. स. १७६० मध्ये निजामाकडून हे नगर मराठ्यांकडे आले होते, आणि आदल्याच वर्षी, इ. स. १७७८ मध्ये, पेशव्यांनी ते शिंद्यांस दिले होते. म्हणजे वडगावात इंग्रजांस कोंडणाऱ्या महादजींच्याच मुलखात ही फौज उतरली होती. तिच्यापाशी खलिते येऊ लागले, आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसेना. मुंबईच्या फौजेबरोबरील समितीचे एक पत्र ११ जानेवारीचे, धोक्याचा इशारा देणारे. दुसरे १६ जानेवारीचे, करारानुसार माघारी फिरण्याची आज्ञा करणारे. तिसरे १९ जानेवारीचे, आदल्या आज्ञेवर अंमल करू नये असे सांगणारे. समितीने स्वतःच्या हाताने लिहिलेली आज्ञा तीन दिवसांत स्वतःच मागे घेतली होती. फौजेवरील संकट टळताच करारही टळला.

गॉडर्डपुढे तीन मार्ग होते. उत्तरेस फिरून बुंदेलखंडाकडे जावे, पूर्वेस वऱ्हाडात भोसल्यांच्या आश्रयास जावे, किंवा पश्चिमेस तापीच्या खोऱ्याने सुरत गाठावी. पहिल्या दोहोंपैकी एक जरी त्याने पत्करला असता, तरी मुंबई एकटी पडली असती, आणि पराभूत फौजेच्या बळावर मुंबईकरांस साष्टी ठेवणे जड गेले असते. त्याने तिसरा मार्ग पत्करला. आपण गव्हर्नर जनरलच्या हुकुमाने निघालो आहोत, मुंबईच्या समितीचा हुकूम आपणांस बांधीत नाही, असा त्याचा पवित्रा होता. त्याला अडविण्यासाठी पुण्याहून मोठे घोडदळ निघाल्याचे वर्तमान होते. ते येण्यापूर्वी, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याने बऱ्हाणपूर सोडले आणि तापीच्या खोऱ्यातून झपाट्याने कूच करीत तो २६ फेब्रुवारीच्या सुमारास सुरतेस दाखल झाला. इंग्रज इतिहासकार ही मजल तीनशे मैलांची व वीस दिवसांची सांगतात.

याच वाटेने, पण उलट दिशेने, नोव्हेंबर १६१५ मध्ये सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील सुरतेहून बऱ्हाणपुरास आला होता, तो येथे शहाजादा परवेझ यास भेटून व्यापाराची सवलत मागण्यासाठी! एकशे चौसष्ट वर्षांत त्या रस्त्यावर इंग्रजांच्या हातातील अर्जाची जागा तोफांनी घेतली होती.

पुढील इतिहास या मुक्कामाचाच परिणाम आहे. मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी याने वडगावचा करार समितीस अधिकार नव्हता या कारणाने झिडकारला. सुरतेहून गॉडर्डने पुण्याशी तहाची बोलणी सुरू केली. नानांनी दोन अटी घातल्या. साष्टी परत करा आणि महादजींच्या पहाऱ्यातून निसटून तुमच्याकडे आलेले रघुनाथराव आमच्या स्वाधीन करा. बोलणी मोडली. डिसेंबर १७८० मध्ये वसई गॉडर्डच्या हाती गेली, आणि तिच्या मदतीस धावलेले रामचंद्र गणेश कानडे वज्रेश्वरीच्या परिसरात लढताना धारातीर्थी पडले. चिमाजीअप्पांनी जेथे नवस केला, तेथेच वसई वाचविण्याचा शेवटचा यत्न संपला. एप्रिल १७८१ मध्ये बोरघाटातून माघार घेताना गॉडर्डलाही मराठ्यांनी चांगलाच हात दाखविला. पण तोवर खाली कोकणपट्टीत इंग्रजांचा पाय रोवला गेला होता.

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे महादजींच्या मध्यस्थीने तह झाला. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी जिंकलेला मुलूख, वसईसह, परत मिळाला. साष्टी, घारापुरी, करंजा इत्यादी बेटे मात्र कायमची इंग्रजांकडे राहिली. नानांनी त्या तहावर सही करण्यास डिसेंबरपर्यंत विलंब लावला. हैदरअलीच्या मदतीवर त्यांची भिस्त होती, पण तो त्याच महिन्यात मरण पावला. रघुनाथरावांस दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली व ते डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावी वारले. ज्यांच्या निमित्ताने बेट गेले ते गेले, पण बेट परत आले नाही.

यावरून बऱ्हाणपूर येथे गॉडर्ड अडविला गेला असता तर साष्टी निश्चित राहिली असती, असे विधान करण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. मुंबईचे आरमार होतेच, आणि पुण्यातील कलहही होताच. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. वडगावात शत्रूकडून लिहून घेण्याचे काम उत्तम रीतीने झाले. लिहून घेतलेले अमलात आणण्यासाठी बऱ्हाणपूरची वाट त्याच वेळी रोखावयास हवी होती, ते झाले नाही. महादजींची फौज वडगावी होती, भोसले तटस्थ होते, भोपाळ अनुकूल नव्हते. ज्या साम्राज्याचे हात दिल्लीपर्यंत पोहोचले होते, त्याच्या मुलखातून परकी फौज काल्पीपासून सुरतेपर्यंत चालत गेली, याचे कारण त्या हातांत एकमेळ नव्हता. कागदावर मिळालेली भूमी आणि ताब्यात आलेली भूमी यांच्यामध्ये एक रस्ता असतो. तो रस्ता ज्याच्या हाती, भूमी त्याची.

पुढे शीवच्या बाजूने बांध घालून इ. स. १८०३ च्या सुमारास साष्टी मुंबईस जोडली गेली. इ. स. १८४५ मध्ये माहीमचा बांध झाला, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी धावलेली पहिली आगगाडी याच बेटावरून ठाण्यास गेली. आज वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि मुलुंडपासून ठाण्यापर्यंत लाखो लोक त्यावर राहतात, त्यांतील फारच थोड्यांस आपण बेटावर राहतो याची जाणीव असेल. कौपीनेश्वरापुढे घंटा वाजतात, मंडपेश्वरात शिवाची पूजा होते, आणि शेजारच्याच गावठाणांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी बोलणारे ख्रिस्ती कुटुंबांतील लोक आपल्या चर्चला जातात. राज्ये आली आणि गेली, तहांत कोणी त्यांची नावे लिहिली नाहीत, तरी बेट टिकविले ते या सर्वांनीच.

बऱ्हाणपुरास जाणारा वाचक असीरगड पाहतो, शाही किल्ला पाहतो, तापीच्या घाटावर स्नान करतो. त्याच घाटावर उभे राहून त्याने एकदा पश्चिमेकडे, सुरतेच्या वाटेकडे, दृष्टी टाकावी. ठाण्याच्या खाडीचे पाणी तेथून दिसत नाही, पण त्या खाडीपलीकडील सहासष्ट गावांचा निकाल याच वाटेने गेला होता.